‘ताई, दिसलातच नाहीत तुम्ही!’

(भोसरी-चाकण पट्ट्यात नोकरी करणाऱ्या, दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आधी जरा हात वर करा पाहू. आज स्वतः गाडी चालवत कोण कोण आलं? बऱ्याच आहात. कोणाच्या तरी मागं बसून कोण आलं? बरं. आणि गेल्या वर्षभरात चारचाकीनं कट मारला, अचानक आडवी आली, धाडकन दार उघडलं, असं किती जणींच्या बाबतीत झालं? बघा, एकही हात खाली येत नाही.

हा विषय घ्यायचा ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकीनं विचारलं होतं, ‘वाहतूक हा आपला विषय आहे का? आपण मारहाण, पोटगी, कामावरचा छळ यांवर बोलायचं.’ मी म्हटलं, सकाळी सहाला डबा भरून, पोराला शेजारी सोडून, भोसरीहून चाकणला जाणारी बाई दिवसातून दोन वेळा जीव मुठीत धरून जाते. तो विषय आपला नाही तर कोणाचा?

माझ्यावरचा प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका आतल्या रस्त्यानं चालले होते. भर दुपार, रस्ता मोकळा. समोरून येणारी मोटार एका सोसायटीच्या फाटकात शिरायला माझ्या पुढ्यातून वळली. ब्रेक दाबेपर्यंत मी रस्त्यावर होते. माणूस सज्जन होता. उतरला, मला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि कळवळून म्हणाला, ‘ताई, दिसलातच नाहीत हो तुम्ही!’ लाल साडी, पांढरी गाडी, डोक्यावर ऊन आणि साठ किलोची बाई. दिसलीच नाही! हात सहा आठवडे गळ्यात होता. तक्रार द्यायला गेले तर पहिला प्रश्न, ‘गाडी मिस्टरांची का? ते कुठं आहेत?’ तिथंही मी दिसलेच नाही म्हणायची.

पुढं मी या ‘दिसलं नाही’च्या मागं लागले. वाचलं, विचारलं. तेव्हा कळलं की तो माणूस खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ साली आला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांमध्ये त्या दुसऱ्या वाहनानं मोटारसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. आणि बहुतेक चालकांचं म्हणणं एकच, दिसली नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे चिंचवडचा माणूस आणि लॉस एंजेलिसचा माणूस एकच वाक्य बोलतात.

डोळे उघडे असतात, पण मन ज्याची वाट पाहत असतं तेवढंच त्याला दिसतं. मोटार चालवणारा मोटारीची वाट पाहतो, ट्रकची पाहतो, कारण त्यांच्यापासून त्याला भीती असते. स्कूटीपासून कसली भीती? १९९९ साली दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग फार गाजला. लोकांना चेंडू खेळणाऱ्यांची फिल्म दाखवली आणि एका गटानं चेंडू किती वेळा दिला ते मोजायला सांगितलं. मधूनच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती आली, छाती बडवून निघून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. आपण तर गोरिलापेक्षा बारीक. त्यात मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्या आड अख्खी स्कूटर लपते. आणि हातात मोबाइल असला की बोलायलाच नको. ताशी ५० च्या वेगानं जाणाऱ्यानं दोन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढं जाते, चालवणाऱ्याशिवाय. गाडी चालवताना मोबाइल हातात धरणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमाखाली धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा आहे. पण कायदा होता म्हणून मान वर झाली, असं चाकणच्या रस्त्यावर तरी मला दिसलेलं नाही.

आता एक अडचणीची गोष्ट बोलायला हवी. मी हे सगळं आमच्या वस्तीतल्या बैठकीत सांगत होते, तर एक तरुण मुलगी उठली. म्हणाली, ‘मावशी, म्हणजे परत आम्हीच सांभाळायचं? रात्री फिरू नका, असे कपडे घालू नका, हे ऐकतच मोठ्या झालो. आता तो मोबाइल बघणार आणि मी जपून चालवायची?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न खराच आहे. चूक त्याची आणि उपदेश हिला, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नंतर विचार केला. ‘जपून राहा’ असं बाईला सांगतात तेव्हा बहुतेक वेळा तिनं घरात बसावं असा त्याचा अर्थ असतो. अपघात झाला की पहिल्यांदा काय होतं आठवा. बाईची गाडी बंद होते. ‘बास झालं, उद्यापासून रिक्षानं जा’ म्हणतात, आणि रिक्षाचे पैसे परवडत नाहीत म्हणून नोकरीच सुटते. मी सांगतेय ते गाडी रोज बाहेर निघावी म्हणून. जाब त्याला विचारायचाच आहे, पण त्यासाठी आपण जिवंत असायला पाहिजे की नाही?

ही गाडी आपल्याला फुकट मिळालेली नाही. १९७२ साली कायनेटिकनं लुना आणली, ऐंशीच्या दशकात बटणावर चालू होणारी बिनगियरची कायनेटिक होंडा आली, आणि मग कुठं शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बायका नवऱ्याच्या वेळापत्रकातून सुटल्या. १९७४ च्या सुमारास टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं, ती गोष्ट सुधा मूर्तींमुळं सर्वांना माहीत आहे. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात आणि चाकणला बजाजमध्ये जुळवणीच्या अख्ख्या लाइन बायका चालवतात. मोटारी आपण जोडायच्या आणि घरी जाताना त्याच मोटारींना चुकवायचं!

तर चुकवायचं कसं. मी काही शिकवणारी नव्हे, पण पडून शिकलेली आहे.

पहिली गोष्ट मनाशी धरा, की समोरच्याला मी दिसत नाही. दिसले तर बरंच आहे. चौकात चालकाच्या डोळ्यांत बघून ‘त्यानं मला पाहिलं’ असं समजू नका. तो तुमच्या आरपार बघत असतो. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. माणूस फसवतो, चाक फसवत नाही. ते जरा वळलं, जरा हललं, की तुमचा हात ब्रेकवर.

दुसरं म्हणजे मोटारीच्या मागच्या दाराच्या बाजूला रेंगाळू नका. तिच्या बाजूच्या आरशात तुम्हाला चालकाचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. एक तर मागं राहा, नाही तर लवकर पुढं जा. आणि तुमच्या गाडीचे आरसे? किती जणींनी काढून ठेवलेत? ‘गल्लीत अडकतात’ म्हणून? ते आजच लावा. टिकली बघायला वापरलेत तरी चालतील.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना हातभर, जमलं तर दीड हात अंतर ठेवा. चिंचवड स्टेशन, पिंपरीची बाजारपेठ, इथं दार कधी उघडेल त्याचा नेम नाही. मागची मोटार हॉर्न वाजवते म्हणून कडेला सरकायचं नाही. वाजवू दे. त्याचा एक मिनिट वाचवायला आपण दारावर आदळायचं का?

कंटेनर आणि ट्रेलरची गोष्ट वेगळीच. चाकणच्या तळेगाव चौकात एका बाजूनं पुणे-नाशिक रस्ता, दुसऱ्या बाजूनं तळेगाव-शिक्रापूर रस्ता, आणि त्यात नव्या मोटारी लादलेले ते लांबच लांब ट्रेलर. असा ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतली वाट कापतात. डावीकडे मोकळी जागा दिसते, आपण स्कूटी घालतो, आणि ती जागा बघता बघता संपते. त्या फटीत कधीही शिरू नका. सिग्नलला त्याच्या नाकासमोर जाऊनही थांबू नका. केबिन उंच असते, खालची बाई त्याला दिसत नाही. कामावर लेट मार्क लागला तर लागू दे.

आता कान टोचून घ्या. राँग साइड. चाकण रस्त्यावर दुभाजक कुठल्या कुठं फोडलेला असतो, कंपनीचं फाटक समोर दिसतं आणि वळसा दोन किलोमीटरचा. पेट्रोल कोण घालणार? म्हणून आपण उलट्या दिशेनं जातो. मीही गेलेय. पण हे लक्षात घ्या, की आतल्या रस्त्यावरून डावीकडे वळून हमरस्त्याला लागणारा मोटारवाला फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या उजवीकडूनच येतात. आपण त्याच्या डावीकडून उगवतो. तिथं दोष त्याच्या मोबाइलचाही नसतो. आणि पुढं दावा लावला तर आपलाही दोष धरून रक्कम कमी होते. यावर खरा उपाय कंपन्यांच्या फाटकांसमोर सोयीच्या वळणाचा आणि सर्व्हिस रोडचा. तो आपण मागायचा, त्याकडे मी येते.

दिसण्याचं म्हणाल तर न्यूझीलंडमधला २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चमकणारे किंवा भडक कपडे घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांचा २४ टक्क्यांनी. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो, तो याच कारणासाठी. लोक हात करून सांगतात, ‘ओ ताई, लाइट चालू आहे!’ त्यांना सांगा, ‘राहू द्या दादा.’ आणि कारखान्यात जे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालावं लागतं, ते आपण फाटकाच्या आत घालतो आणि बाहेर पडताना लॉकरमध्ये ठेवतो. आत फोर्कलिफ्टपासून जीव वाचवायचा आणि बाहेर ट्रेलरपासून नाही, असं का? कंपनी नेऊ देत नसेल तर मागा. नाही दिलं तर तसा पट्टा बाजारात मिळतो.

हेल्मेटवर मला जरा भांडायचंय. पुण्याचं हेल्मेटशी वैर जगजाहीर आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती कडक केली तर विरोधात कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. बायकांची कारणं वेगळी असतात. अंबाडा बसत नाही, केस गळतात, मान अवघडते, ठेवायचं कुठं. त्यापेक्षा तोंडाला स्कार्फ बांधला की झालं. स्कार्फनं ऊन अडतं, धूर अडतो, ओळखीचं कोणी ओळखत नाही हाही फायदाच, पण डांबर अडत नाही. हेल्मेटनं मरणाचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली काढलेला आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं असे ५०,०२९, आणि त्यांत मागं बसलेले १४,३३७.

मागं बसलेले म्हणजे बहुतेक कोण, ते घरी आठवून बघा. हेल्मेट नवऱ्याच्या डोक्यावर, कारण पावती त्याच्या नावानं फाटते. मागं बायको बोडकी, मधे पोर. दिल्लीत तर बायकांना हेल्मेटमधून सूटच होती, १९९९ च्या नियमानं ते ऐच्छिक ठेवलं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये शीख स्त्रिया सोडून सर्व बायकांना ते सक्तीचं झालं. सवलत म्हणून मिळत होती हो ती! बाईचं डोकं फुटलं तर चालेल, अशी सवलत. आपल्या कायद्याच्या १२९ कलमात आता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढच्याला आणि मागच्याला, हेल्मेट आहे. चारच्या आतल्या पोरांना बांधायचा पट्टा, त्यांचं छोटं हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, असा नियम २०२३ पासून लागू आहे. आयएसआयचं घ्या, पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी उडतं.

मागं बसणारीला अजून एक. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण आणि धरायला कडी असलीच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे, आणि तो मागच्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणूनच केलाय. तरुण मुलं गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. बसण्याआधी खाली बघा. नसेल तर बसू नका. दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं तर उत्तम. साडीत जमत नसेल तर पंजाबी ड्रेस घाला, पण ओढणीला मागं गाठ. सासूबाई काय म्हणतील, ते आपण वेगळ्या बैठकीत घेऊ.

एवढं करूनही पडलात तर? हे नीट ऐका, हे कोणी सांगत नाही. १०८ ला फोन करायचा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होणार नाही, असं संरक्षण कायद्यात १३४-अ कलमानं २०१९ पासून आहे, म्हणून बघ्यांना हे सांगा. मे २०२५ मध्ये केंद्रानं योजना आणली, त्यात ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळतात. समोरच्याचा नंबर आणि फोटो घ्या. ‘जाऊ द्या ताई, दोन हजार घ्या आणि मिटवा’ याला भुलू नका. आतला मार दुसऱ्या दिवशी कळतो. नुकसानभरपाईचा दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणाकडे लावता येतो. मुदतीबद्दल कोर्टात वाद झालेत, त्यात पडू नका, सहा महिन्यांच्या आत अर्ज करा.

आणि कामावर जाता-येताना पडलात तर तो तुमचा एकटीचा अपघात नव्हे. ईएसआय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, नोकरीशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरला जातो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पगारातून ईएसआय कापला जातो, कंत्राटी असलात तरी. पण कंत्राटदार सांगतो, ‘गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही.’ आमच्या माहितीतल्या एका बाईनं या शब्दावर विश्वास ठेवला, चार महिने बिनपगारी घरी बसली, दागिना मोडला. तिला तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

घरी राहणाऱ्या बाईचं काय? ती गेली तर ‘कमवत नव्हती’ म्हणून भरपाई किरकोळ. एप्रिल २०१४ मध्ये दिल्लीत एक जोडपं सकाळी मोटारसायकलवरून चाललं होतं, चौकात मोटारीनं उडवलं, दोघंही गेली. त्यांच्या मुलींचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. बायका रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटं. या कामाचं मोल धरूनच भरपाई ठरवायची, असं त्यांनी मांडलं. त्याआधी २०१० च्या एका निकालात न्यायालयानं ताशेरे ओढले होते, की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काहीच न करणाऱ्यांत बसवलंय. घरकामाला किंमत द्या म्हणून आपण इतकी वर्षं घोषणा दिल्या, आणि त्या मोलाचा हिशेब झाला तो कुठं, तर अपघाताच्या दाव्यात.

शेवटी मागण्यांचं. कायम कामगाराला कंपनीची बस आणि कंत्राटी बाईला स्वतःची स्कूटी, हा भेद का? रात्रपाळीला बोलवायचं तर बाईची ने-आण मालकानं करायची, ही अट आहे. ती कागदावर असते, तुमच्याकडे तपासा. मोशी, चिंबळी, कुरुळी या पट्ट्यात कुठं दिवे नाहीत, कुठं खड्डा आहे, कुठं वळण नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? प्रत्येकीनं आपल्या वाटेवरच्या तीन जागा लिहून आणा. त्या एकत्र करून महापालिका, महामार्गवाले आणि वाहतूक पोलीस या तिघांना एकाच दिवशी द्यायच्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर जमायचं. दोन्ही ब्रेक एकदम कसे दाबायचे, ते करून बघू. आपल्यातल्या बऱ्याच जणी नुसता मागचा दाबतात. लायसन्स, विम्याचा कागद आणि हेल्मेट घेऊन या. ज्यांचं लायसन्स अजून शिकाऊच आहे त्यांनी लाजू नका, त्यांचे अर्ज तिथंच भरू. आणि नवऱ्याच्या मागं बसून येणार असाल, तर साडीगार्ड बघून बसा.